चेक इंजिनचा दिवा आणि आपली डिग्री

गेले तीन वीकएंड इथे काही लिहिलं नाही, कारण मी इंदापूरला गाडीखाली झोपलो होतो. म्हणजे पाठीखाली खताचं रिकामं पोतं, हातात बावीसचा पाना आणि डोळ्यांत गंजाची पूड. ऑक्सिजन सेन्सर कसा बदलायचा हे दाखवणारे व्हिडिओ ढिगाने आहेत, ते बघा. मला इथे भांडायचंय. सर्व्हिस सेंटरशी थोडं आणि तुमच्या-माझ्याशी जास्त.

तर झालं असं. बारामतीहून इंदापूरला चाललो होतो. लासुर्ण्याच्या पुढे उसाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांमागे अडकलो होतो (गळीत हंगामात त्या रस्त्याने गेलेल्यांना कळेल) आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. चेक इंजिन. गाडी २०१५ची पेट्रोल, एक लाख बारा हजार किलोमीटर झालेली. चालायला काही फरक नाही. मी काय केलं? तुम्ही जे करता तेच. दिव्याकडे दुर्लक्ष.

पुढच्या शनिवारी पुण्यात एका सर्व्हिस सेंटरला गेलो. हातात टॅब घेतलेल्या मुलाने गाडी आत नेली आणि पाऊण तासाने एस्टिमेट आणलं. दोन ऑक्सिजन सेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, लेबर, टॅक्स. एकूण ३८,४०० रुपये, त्यातले २४,५०० एकट्या कन्व्हर्टरचे. मी विचारलं, एरर कोड कुठला आला? तर म्हणतो, "सर, तो सिस्टिममध्ये असतो, कस्टमरला देत नाही." बरं, कन्व्हर्टर कशावरून गेला? "सेन्सर गेले म्हणजे कॅटपण गेलं असणार सर."

असणार!

मंडळी, आपल्या टीममध्ये कोणी लॉग न दाखवता "सर्व्हर बदला, डेटाबेसपण गेला असणार" असं म्हणालं तर आपण त्याला मीटिंगमधून उठवू. इथे मात्र मी "घरी विचारून सांगतो" म्हणून बाहेर पडलो. घरी कोणाला विचारणार होतो देव जाणे.

दुसरं मत घ्यावं म्हणून हायवेवरच्या एका गॅरेजमध्ये थांबलो. तिथला उपाय पाचशे रुपयांचा. "सेन्सरची पिन काढून ठेवू, दिव्याचं मागनं बघू. पासिंगला काय अडत नाही." ते खरं असणार, कारण त्याच आठवड्यात दिवा लागलेल्या अवस्थेत मी मुद्दाम पीयूसी काढून घेतली. पाच मिनिटांत सर्टिफिकेट हातात. दिव्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर प्रदूषणाच्या नियमभंगाला दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, म्हणून आपण कागद सांभाळतो. गाडी स्वतः काय सांगतेय ते कोण वाचतो?

एक माणूस अडतीस हजार मागतोय, दुसरा पाचशेत दिव्याचं तोंड बंद करतोय. दोघांचा धंदा एकाच गृहीतावर चालतो: हा गिऱ्हाईक स्वतः बघणार नाही.

आता हा सेन्सर करतो काय, ते थोडक्यात. सायलेन्सरच्या पाइपात खुपसलेली झिरकोनियाची बोटाएवढी वस्तू. एका बाजूला धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. दोन्हींतल्या ऑक्सिजनच्या फरकावर ती साधारण ०.१ ते ०.९ व्होल्ट देते. धुरात ऑक्सिजन उरला तर व्होल्टेज खाली, पेट्रोल जास्त झालं तर वर. हे बघून गाडीचा कंप्युटर सेकंदागणिक पेट्रोल कमी-जास्त करत राहतो. शुद्ध फीडबॅक लूप. बॉशने १९७६ साली हा आणला आणि व्होल्वोच्या गाड्यांमध्ये तो पहिल्यांदा बसला, तोही कॅलिफोर्नियाच्या कडक नियमांमुळे. तापल्याशिवाय तो काम करत नाही, म्हणून आत हीटर असतो. कन्व्हर्टरच्या आधीचा सेन्सर पेट्रोल ठरवतो. नंतरचा फक्त पहारेकरी, कन्व्हर्टर काम करतोय ना एवढंच बघतो.

आणि गंमत म्हणजे हे सगळं वाचायची सोय तुमच्या गुडघ्याजवळ आहे. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं, ओबीडी. आपल्याकडे २०१३ पासून नव्या गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं आहे. पी-शून्यने सुरू होणारे कोड सगळ्या कंपन्यांचे सारखेच, त्यात गुपित काही नाही. ८५० रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर आणि फोनवर एक ॲप एवढं पुरतं. पार्किंगमध्ये बसल्या बसल्या मला दोन कोड मिळाले. पी ०१३५ आणि पी ०१४१. पुढच्या सेन्सरच्या हीटरचं सर्किट आणि मागच्या सेन्सरच्या हीटरचं सर्किट. कन्व्हर्टर थकला की येतो तो पी ०४२०, त्याचा पत्ताच नव्हता. "कस्टमरला देत नाही" ते हे.

शनिवारी वस्तीवर गेलो. आमची वस्ती उजनीच्या फुगवट्याकडे, इंदापूरपासून दहा-बारा किलोमीटरवर. माझे चुलते, आप्पा, दहावीपर्यंत शिकलेले. पाणबुडी मोटर स्वतः खोलतात, स्टार्टरमधला कॉन्टॅक्ट स्वतः घासतात. मला बोनेट उघडून फोनकडे बघत उभा पाहिल्यावर म्हणाले, "काय रे, कंप्युटरवाले, काय म्हणतो तुझा फोन?"

मी म्हटलं, "आप्पा, दोन्ही सेन्सरचे हीटर एकदम गेलेत म्हणतोय."

"दोन्ही एकदम जातील व्हय? दोन्हीला करंट कुठनं येतो ते बघ की आधी."

च्यायला. बारा वर्षं डिबगिंगचा पगार घेतोय, आणि दोन गोष्टी एकाच वेळी पडल्या तर आधी सामाईक काय ते बघावं, हे मला आप्पांनी सांगायचं. मॅन्युअल काढलं. माझ्या गाडीत दोन्ही हीटरना एकच फ्यूज, १५ अँपिअरचा. तो उडालेला. नवा टाकला, इंजिन चालू केलं, तोही उडाला. आप्पा म्हणाले, वायर बॉडीला लागतीय कुठंतरी. मग आपल्या पद्धतीने. दोन्ही सेन्सरच्या पिना काढल्या, फ्यूज टिकला. पुढचा जोडला, टिकला. मागचा जोडला, फट्. गाडीखाली शिरून पाहिलं तर मागच्या सेन्सरची वायर उंदराने कुरतडून तांबं उघडं पाडलेलं, अगदी सेन्सरच्या बुडाशी. दिवाळीत गाडी आठ दिवस पेंडीच्या पोत्यांशेजारी शेडमध्ये उभी होती. पार्टी झाली असणार. (हे "असणार" मात्र पुराव्यानिशी आहे.)

आप्पा सोल्डरिंगचं यंत्र घेऊनच आले. इथे पहिल्यांदा माझं वाचन कामाला आलं. बऱ्याच ऑक्सिजन सेन्सरना बाहेरची हवा त्यांच्या वायरीच्या धाग्यांमधूनच मिळते. सोल्डर केलं की तो रस्ता बुजतो आणि सेन्सर चुकीचं वाचायला लागतो. आप्पांना ते पटायला वेळ लागला. "वायरीतनं हवा?" असं त्यांनी तीनदा विचारलं. जोड द्यायलाही जागा नव्हती, म्हणून सेन्सरच बदलायचा ठरला. मागची पिन काढून ठेवून पुण्याला परतलो आणि आतल्या आत कबूल केलं की हायवेवरच्या गॅरेजचा सल्ला आठवडाभर तरी मी पाळतोय.

पुढच्या शनिवारी बारामतीत पार्ट नंबर दाखवून सेन्सर घेतला, ३,१५० रुपये. जुन्याची वायर तशीही गेलेली, ती कापून टाकली म्हणजे साधा बावीसचा रिंग पाना त्यावर बसतो. गाडी घोड्यांवर घेतली. नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, हे एवढं ऐका. पाइप गार असताना गंज सोडवायचं तेल मारलं, तासभर थांबलो, पाना लावला. हलेना. आप्पांनी पान्याला पाइप लावून लांबी वाढवली. कर्रर्र असा आवाज आला, तेव्हा वाटलं आटे गेले. आटे शाबूत निघाले. नवा हाताने पूर्ण फिरवून बसवला, मग पाना. टोकाला ग्रीसचं बोट लागू द्यायचं नाही, आट्यांना लावायची पेस्ट त्याला कंपनीतूनच लावलेली असते.

फ्यूज टिकला, कोड पुसले, दिवा गेला. इंजिन तापल्यावर मागच्या सेन्सरचा ग्राफ लावला तर ०.७ व्होल्टच्या आसपास शांत सरळ रेष. पहारेकऱ्याची रेष शांत म्हणजे कन्व्हर्टर ठणठणीत. २४,५०० रुपयांची ती वस्तू मी फेकून नवी घेणार होतो!

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पुढच्या सेन्सरचा ग्राफ झोपाळू निघाला. वर-खाली झरझर व्हायला हवं तिथे रेंगाळत होता. एक लाखाच्या वर किलोमीटर झालेला, वय झालं त्याचं. तिसऱ्या शनिवारी तोही बदलला, ३,४०० रुपये. तो बोनेटमधूनच हाताला येतो. त्यासाठी वायर जायला खाच असलेलं सॉकेट घेतलं, ४२० रुपये. वीस मिनिटांत काम. म्हणजे "दोन्ही सेन्सर बदला" हे सर्व्हिस सेंटरचं म्हणणं शेवटी बरोबर निघालं. पण ते त्यांनी तपासून सांगितलं नव्हतं. एकूण खर्च, स्कॅनर आणि साठ रुपयांच्या फ्यूजसकट, ७,८८० रुपये.

आता तुमचं नेहमीचं म्हणणं: "माझा तासाचा रेट बघता हे परवडत नाही रे." हे मीही पाच वर्षं म्हणत होतो. कुठला रेट? शनिवारी दुपारी तुम्हाला कोण पैसे देतं? रिल्स बघायचे का मिळतात? आणि सर्व्हिस सेंटरच्या एसी लाउंजमध्ये फुकटची कॉफी पीत जे तीन तास काढता, ते या हिशेबात कुठे बसतात?

खरं कारण वेगळं आहे, आणि ते बोलायला लाज वाटते. हात काळे होतात ते काम दुसऱ्याचं, ही आपल्या घरादारातली फार जुनी वाटणी आहे, गाडी यायच्या कित्येक पिढ्या आधीची. इंजिनिअरिंगने ती मोडायला हवी होती. पण पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब आठवतोय? पत्रा घासून काटकोन आणायचा होता. मी तो शंभर रुपयांना तयार विकत घेतला आणि सबमिट केला. वर्गातल्या निम्म्यांनी तेच केलं. त्या शंभर रुपयांचं व्याज मी अजून भरतोय.

कंपन्यांनाही आपलं हे अज्ञान हवंच असतं. ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने चौदा कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड सुनावला होता. कारण काय, तर सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना खुल्या बाजारात मिळू दिली नाहीत. प्रकरण पुढे अपिलात गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने राइट टू रिपेअरचं पोर्टलही काढलं. छान आहे. पण जो हक्क आत्ता, गुडघ्याशी, सोळा पिनांत मिळतोय, तो आपण किती जणांनी वापरलाय?

आणि हा सेन्सर आत्ताच समजून घेण्याचं आणखी एक कारण आमच्या शेतात उभं आहे. २०२५ पर्यंत देशात पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यातला ऊस आता निम्मा साखरेचा आणि निम्मा टाकीचा विषय झालाय. नुसतं पेट्रोल जाळायला एक किलोला साधारण १४.७ किलो हवा लागते, वीस टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. माझी गाडी बनली तेव्हा तिला हे कोणी सांगितलं नव्हतं. तिला ते कळतं पुढच्या सेन्सरमुळे. ॲपमध्ये बघितलं तर कंप्युटर आता सतत पाच-सहा टक्के इंधन जास्त सोडतोय. म्हणजे आप्पांच्या उसाची चव गाडीला धुरातून लागते, आणि ती घेणारी जीभ पाचशे रुपयांत उपटून टाकायला आपण तयार असतो! मायलेज पडलं म्हणून व्हॉट्सॲपवर आरडाओरडा करणाऱ्यांपैकी किती जणांनी हा एक आकडा बघितलाय?

ब्रेक आणि एअरबॅगला मी हात लावत नाही, वॉरंटीतली गाडीही उघडू नका. सगळं स्वतः करा असं मी म्हणत नाहीये. कोड वाचा, मग कोणाकडे जायचं ते ठरवा.

स्कॅनर सध्या माझ्याकडे नाही. आप्पांनी ठेवून घेतला. त्यांच्या मुलाने त्यावर वस्तीवरच्या तीन गाड्या तपासल्या. एकीत फक्त बॅटरी कमजोर होती, दुसरीत कोडच नव्हता. तिसरीत पी ०४२० आला, सेन्सर दोन्ही ठीक होते, मागची रेष मात्र पुढच्यासारखीच नाचत होती. त्या गाडीचा कन्व्हर्टर खरंच गेलाय. ती सर्व्हिस सेंटरला पाठवली, ग्राफचा फोटो सोबत देऊन.