आधी नाव, मग गाव, मग वाघ

गावावर संकट आले तर ते सगळ्यांना सांगायचे कसे, हा प्रश्न काही मोबाइल आल्यावर निर्माण झालेला नाही. पूर्वी रामोशी-जागल्यांची गस्त असे, दवंडी असे, देवळातली घंटा असे. रात्री अवेळी घंटा वाजली की गाव जागे होई. पण घंटेला बोलता येत नाही. आग लागली की चोर आले की नदीला पाणी आले, हे कळायला पारापर्यंत जावेच लागे. दवंडीवाल्याला बोलता येई, पण त्याचे पाय दोनच. गाव वाड्या-वस्त्यांवर, मळ्यांत विखुरले तसे घंटा आणि दवंडी दोन्ही अपुऱ्या पडल्या.

आज आमच्या जुन्नर-आंबेगावात या दोहोंची जागा एका फोनने घेतली आहे. पुण्या-मुंबईत आणि परदेशात राहणाऱ्या आमच्या नातेवाइकांपैकी अनेकांना हा प्रकार ठाऊक नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. तिचे नाव 'ग्रामसुरक्षा यंत्रणा'. तिचे संचालक डी. के. गोर्डे हे नाशिककडचे, आणि नाशिक, नगर, पुणे अशा जिल्ह्यांतल्या गावांत ती पोहोचली आहे. पुणे ग्रामीण पोलिसांनीही तिचा गावोगाव प्रसार केला. एक अकरा आकडी टोल फ्री नंबर असतो. संकटात सापडलेल्याने तो लावायचा आणि काय झाले ते बोलायचे. पलीकडे बसलेला असतो संगणक. तो फोन कोणत्या नंबरवरून आला ते बघतो, तो नंबर कोणत्या गावाच्या यादीतला आहे ते शोधतो, बोललेले जसेच्या तसे ध्वनिमुद्रित करतो आणि गावाच्या यादीतल्या नंबरांवर एकाच वेळी फोन करत सुटतो. फोन उचलला की कानावर येतो तो त्या माणसाचाच आवाज.

या शेवटच्या वाक्यात सगळी गंमत आहे. आवाज ओळखीचा असतो! बाई बोलते ती टीव्हीवरची नव्हे, खालच्या आळीतली. त्यामुळे खरे की खोटे हा विचार करायला वेळ जात नाही. शिवाय यासाठी भारीतला फोन लागत नाही, इंटरनेट लागत नाही, वाचता यावे लागत नाही. आमच्याकडे अजून कितीतरी म्हाताऱ्यांकडे बटनांचा फोन आहे. व्हॉट्सॲपवर रात्री दोन वाजता आलेला 'सावधान' सकाळी चहाबरोबर वाचला जातो. फोनची घंटा मात्र माणसाला झोपेतून उठवते.

तसे पाहिले तर दळणवळणाच्या बाबतीत आमचा तालुका मागासलेला म्हणता येणार नाही. नारायणगावजवळ आर्वीला १९७१ साली उपग्रहाद्वारे परदेशाशी बोलणारे भूकेंद्र उभे राहिले. खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण तर जगप्रसिद्धच आहे, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशगंगांचे बोलणे ऐकत बसलेल्या आहेत. पण आर्वीतून लंडन ऐकू येत होते त्या काळात आर्वीच्या मळ्यातल्या माणसाची हाक गावठाणात ऐकू येत नव्हती. ती ऐकू यायला पुढे कित्येक वर्षे जावी लागली.

हाक मारायचे कारण आमच्याकडे मुख्यतः एकच, बिबट्या. (म्हातारी माणसे अजून 'वाघ'च म्हणतात.) कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, कालवे आले, ऊस आला, आणि उसात बिबट्या आला तो कायमचा. आता तर उसातच जन्मलेली आणि उसातच वाढलेली बिबट्यांची पिढी आहे. २००१ ते २००३ या काळात त्यांना पकडून दुसरीकडे सोडण्याचा सपाटा लागला होता. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा दिसले की माणसांवरचे हल्ले आधी वर्षाला सरासरी चार होते, ते सतरावर गेले. म्हणजे इथून उचलून तिथे ठेवण्याने प्रश्न सुटत नाही. माणिकडोहचे निवारा केंद्र आहे, पण सगळे बिबटे काही तिथे मावणार नाहीत. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आमच्या शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेड-जांबूत भागात, थोड्या दिवसांच्या अंतराने तीन बळी गेले. त्यात दोन लेकरे होती. लोकांनी मंचरला पुणे-नाशिक महामार्ग अडवला. त्या संतापाला कोण नावे ठेवणार?

त्यानंतर कॅमेरे, भोंगे, कृत्रिम बुद्धिमत्ता अशी यंत्रे बसवण्याची चर्चा जोरात आहे. बसवावीत, जरूर बसवावीत. पण माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. भोंगा ही पुन्हा घंटाच झाली. ती नुसते 'काहीतरी आहे' एवढेच सांगते. आणि आमच्या भागात 'काहीतरी आहे' एवढे कळून भागत नाही, कारण संकट बदलले की करायची गोष्ट उलटी होते.

म्हणजे बघा. चोर आले, तर सगळ्यांनी बाहेर पडायचे, दिवे लावायचे, रस्ते अडवायचे. बिबट्या आला, तर पोरे आत घ्यायची, एकट्याने बाहेर पडायचे नाही, आणि मुख्य म्हणजे गर्दी करायची नाही. गर्दीने घेरलेला बिबट्या वाट मिळेल तिथून माणसांच्या अंगावरून निघतो, आणि वनखात्याची माणसे आली तरी त्यांना काम करता येत नाही. धरणातून पाणी सोडले, तर नदीकाठची जनावरे आणि मोटारी वर आणायच्या. डोंगर खचायला लागला, तर घर सोडून निघायचे, बिबट्याच्या वेळच्या नेमके उलट! फोनची घंटा चारही वेळा सारखीच वाजते. फरक पडतो तो बोलणाऱ्याच्या शब्दांनी.

म्हणून मला वाटते की या यंत्रणेत यंत्राचा भाग सोपा आहे. तो चोख चालतो असे धरून चालू. अवघड भाग आहे बोलण्याचा. घाबरलेला माणूस काय बोलतो? "अरे या रे, लवकर या, वाघ आलाय!" कुठे या? कुणी या? हा संदेश पाचशे घरांत पोहोचला तर पाचशे घरांतून बॅटऱ्या घेऊन पोरे मोटरसायकलींवर निघतात, तीही कुठे जायचे ते न कळता. बोलायचे असते ते एवढेच: मी अमुक बोलतोय, अमक्या गावच्या अमक्या मळ्यातून. कालव्याच्या पुलापाशी आत्ता बिबट्या दिसला. पोरे आत घ्या, तिकडे कुणी येऊ नका, वनखात्याला कळवले आहे. नाव, गाव, ठिकाण, काय झाले, काय करायचे. पाच गोष्टी, वीस-पंचवीस सेकंद.

आता मी जन्माचा मास्तर, त्यामुळे माझी गाडी शाळेवर येणारच. आपण मुलांना मुख्याध्यापकांस रजेचा अर्ज लिहायला शिकवतो, मामाला पत्र लिहायला शिकवतो. (मामाला पत्र आता कोण लिहितो?) मग आठवीच्या मुलामुलींना पंचवीस सेकंदांचा धोक्याचा निरोप द्यायला का शिकवू नये? वर्गात उभे करावे, घड्याळ लावावे, 'तुझ्या गोठ्यामागे बिबट्या आहे, सांग' म्हणावे. पहिल्यांदा हसतील. चौथ्यांदा नीट सांगतील. आणि रात्री घरात फोन हातात असणारे बहुतेक तेच असतात. जोडीला ११२ आणि वनखात्याचा १९२६ हे दोन नंबर पाढ्यांसारखे पाठ करून घ्यावेत.

दुसरा मुद्दा घंटा कधी वाजवायची याचा. काही गावांत ही यंत्रणा ग्रामसभेची सूचना, पाणी न येण्याची सूचना, लसीकरण अशा कामांनाही वापरतात. असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे मला कळते. रोज वापरले की यंत्र चालू आहे हे समजते, लोकांना नंबरची सवय होते, आणि ग्रामपंचायतीचे काम सोपे होते. खोटे नाही. पण 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट मी इतकी वर्षे शिकवली ती उगीच नव्हे. त्या गोष्टीतला मुलगा तरी खोटे बोलत होता. इथे प्रत्येक निरोप खरा असूनही तोच परिणाम होतो. दिवसातून दोनदा घरपट्टीची आठवण करणारा नंबर रात्री वाजला तर माणूस फोन उलटा ठेवून झोपतो. म्हणून माझे मत असे, की सूचना दिवसा आणि मोजक्या द्याव्यात, आणि रात्री आठ ते सकाळी सहा हा नंबर फक्त जिवावरच्या गोष्टीसाठी राखून ठेवावा. हा ठराव कुठल्याही ग्रामसभेला पाच मिनिटांत करता येईल.

तिसरी गोष्ट कारखान्यांकडून आणि शीतगृहांकडून शिकण्यासारखी आहे. तिथेही असाच फोन करणारा संगणक असतो. शीतगृहातले तापमान वाढले की तो आधी पाळीवरच्या माणसाला फोन करतो. त्याने उचलून 'कळले' म्हणून बटन दाबले तर ठीक, नाहीतर दुसऱ्याला, मग साहेबाला. बटन दाबणाऱ्याची जबाबदारी ठरते. आमच्या गावात फोन एकदम सगळ्यांना जातो, आणि जे काम सगळ्यांचे ते कुणाचेच नसते. प्रत्येकाला वाटते, दुसरा कुणी गेला असेल. म्हणून प्रत्येक वस्तीवर चार माणसे आधीच ठरलेली हवीत, आणि त्यांच्यापैकी एकाने शेवटी 'आता धोका नाही' असाही निरोप द्यायला हवा. तो निरोप बहुधा कुणी देत नाही. मग काळजी करणारा पहाटेपर्यंत जागा राहतो, आणि कंटाळलेला अर्ध्या तासात पुन्हा पाणी धरायला जातो.

आणि आता ज्यासाठी हे सगळे लिहायला घेतले ते. फोन कुणाला जातो? यादीतल्यांना. यादीत कोण असते? ज्याचे गावात घर आहे, रेशनकार्ड आहे, ज्याला ग्रामपंचायत ओळखते तो. उसाच्या फडाला सर्वांत जवळ कोण झोपते? ऊसतोड करणारी कुटुंबे, कोपीत, पाचटावर. आणि बकऱ्या-मेंढ्या घेऊन वावरात बसलेले धनगर, उघड्यावर. रात्री बिबट्याच्या वाटेवर पहिली पडतात ती यांची लेकरे. विघ्नहर आणि भीमाशंकर या कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की हजारो माणसे बाहेरून इथे येतात, ऊस तुटत जातो, बिबट्याचे लपण कमी होत जाते आणि तो हलायला लागतो. म्हणजे धोका वाढतो नेमका तेव्हाच, आणि ज्यांना तो वाढतो त्यांचे नंबर यादीत असतीलच असे नाही. गावात बंद दारामागे झोपलेल्या मला फोन येतो आणि फडात झोपलेल्या बाईला येत नाही, याला सुरक्षा कसे म्हणायचे? टोळीच्या मुकादमाकडे सगळ्यांचे नंबर असतात. हंगामाच्या सुरुवातीला ते घ्यावेत, हंगाम संपला की काढून टाकावेत. मेंढपाळ वावरात बसवताना ज्याचे वावर आहे त्याने त्यांचा नंबर नोंदवावा. यात खर्च असा काय आहे?

फोनने सगळे होते असे मात्र मी म्हणत नाही. आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर आला आणि १५१ माणसे गेली. बाहेरच्या जगाला ते कळले, कारण एस.टी.च्या चालकाला रोजचे गाव जागेवर दिसले नाही. तिथे हाक मारायला कुणी उरलेच नव्हते. अशा ठिकाणी इशारा आतून येऊ शकत नाही, तो बाहेरून आणि आधी यावा लागतो, पाऊस मोजून. २०२३ मध्ये सगळ्यांच्या मोबाइलवर सरकारी चाचणीचा तो मोठा आवाज झाला होता, आठवते ना? तो त्यासाठीच. पण पश्चिमेकडच्या डोंगरवाड्यांत रेंजच नसेल तर तोही मुकाच. तिथे टॉवर हाच पहिला इशारा.

तसेच, इशारा दिला म्हणजे कर्तव्य संपले असे कुणी समजू नये. रात्री वीज येते म्हणून शेतकरी रात्री मोटर चालू करायला जातो आणि बिबट्यासमोर येतो. 'शेतीला दिवसा वीज द्या' ही मागणी त्यातूनच आली आहे. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' नावाचे, फोनवरून पंप चालू-बंद करायचे उपकरण कधीच बनवले आहे. रात्री फडाच्या बांधावरून जावेच लागले नाही, तर पुष्कळ वेळा फोन करायचीही वेळ येणार नाही.

असो. लेख वाचणाऱ्या नातेवाइकांना एकच विनंती. आज घरी फोन कराल तेव्हा आई-वडिलांना विचारा, त्यांचा सध्याचा नंबर गावच्या यादीत आहे का, की तीन वर्षांपूर्वी बंद पडलेल्या सिमचा आहे. आणि तुमच्या वावरात यंदा कुणाच्या मेंढ्या बसल्या आहेत, कुणाची टोळी उतरली आहे, तेही विचारा. त्यांचा नंबर लिहून घ्या आणि ग्रामपंचायतीत द्यायला सांगा.