कुशीतील मूक सेवक

धार जिल्ह्यातील कुक्षी या गावाचे नाव ऐकताच आम्हांस आईची कूस आठवते. त्याच बाग-कुक्षी परिसरात डायनासोरांची ९२ घरटी व २५६ अंडी शिलारूपात सापडल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले. अंडे एकाकी दिसते खरे. परंतु पक्ष्याचे असो वा मानवाचे, बीजांड एकट्याने पक्व होत नाही.

स्त्रीच्या बीजांडाभोवती लहान पेशींचे कोंदण असते. बीजांडाला साखर स्वतः फारशी पचवता येत नाही. म्हणून या पेशी ती फोडून, जणू घास मऊ करून, त्यास भरवितात. गर्भधारणेनंतर त्या गळून जातात. पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत गर्भाच्या बाहेरील पेशी वेगळ्या होतात. त्यांतून मुख्यत्वे वार घडते आणि आतील पेशींतून बाळ. नऊ महिने बाळास पोसून वारही निरोप घेते.

पवित्र मरिया गरोदर अलिशिबेच्या घरी सुमारे ३ महिने राहिली. वाचकहो, आपल्या घरी लेक वा सून गरोदर असेल, तर तिच्या डोक्यावरचा हंडा आपण उतरवून घ्यावा, तिला वेळेवर जेवू घालावे. निर्मात्याने आरंभापासूनच जिवाभोवती सेवक उभे केले आहेत. त्यांत आपण उणे पडू नये.