'बक्सम' म्हणजे कोण?

इंग्रजीच्या तासाला 'बक्सम' हा शब्द आला आणि मागच्या बाकांवर खसखस पिकली. दोघांनी वळून माझ्या एका अंगाने भरलेल्या मैत्रिणीकडे पाहिले. ती बिचारी मान खाली घालून वहीत रेघोट्या ओढीत बसली. मला राग आला. तो राग घेऊनच मी ग्रंथालयात गेले आणि जाडजूड इंग्रजी कोश काढला.

तिथे भलतेच सापडले. बाराव्या शतकात या शब्दाचा देहाशी काही संबंध नव्हता. जुन्या इंग्रजीत 'बूगन' म्हणजे वाकणे. त्यावरून 'बक्सम' म्हणजे वाकणारा, आज्ञाधारक. पुरुषही देवापुढे 'बक्सम' असे! संस्कृतातला वाकणे या अर्थाचा 'भुज्' धातू याचाच दूरचा नातलग. आपला वळसे घेत चालणारा भुजंग त्यातूनच आला. कन्नडमध्येही 'बागु' म्हणजे वाकणे, पण ती भाषा निराळ्या कुळातली, तेव्हा हा निव्वळ योगायोग.

१६६७ च्या 'पॅरेडाइज लॉस्ट'मध्ये मिल्टनने हे विशेषण चक्क हवेला लावले आहे : पंखांपुढे नमणारी हवा. पण आज्ञाधारकाचा मनमिळाऊ, मनमिळाऊचा आनंदी, आनंदीचा निरोगी आणि निरोगीचा भरल्या अंगाची, असा अर्थ घसरत गेला. शेवटी शब्द उरला तो फक्त बायकांच्या वाट्याला.

त्याचे नवल तरी कशाला? इंग्लंडातल्या जुन्या लग्नविधीत 'बक्सम' राहण्याची शपथ वधूच घेई. १५४९ च्या प्रार्थनापुस्तकातून तो शब्द गेला, पण आज्ञा पाळण्याचे वचन राहिले, आणि तेही तिच्याकडूनच, वराकडून नाही.

इंग्रजांना हसण्याचे मात्र कारण नाही. आपल्या लग्नाच्या जाहिरातींत 'सडपातळ' आणि 'गृहकृत्यदक्ष' हे शब्द मांडीला मांडी लावून बसतात. एक देहाचे माप, दुसरे वाकण्याचे. मुलाची ओळख बहुधा पगाराने होते. आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी. वजन, माप, दर्जा ही मालाची वर्णने आम्ही रोज शिकतो. ती माणसाला चिकटवू नयेत, एवढे तरी आम्हाला कळायला हवे.

दुसऱ्या दिवशी हे सारे मी मैत्रिणीला सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "वाकणारी म्हणजे बक्सम ना? मग काल मी होते खरी. आता नाही."

त्या तासाला ती पहिल्या बाकावर बसली.