परवाना आणि पुरवणी प्रश्न

१९७४ साली पाँडिचेरीतील काही व्यापाऱ्यांच्या आयात परवान्यांचे प्रकरण संसदेत गाजले. शिफारसपत्रावर २१ खासदारांची नावे होती. तपासात तुलमोहन राम यांची सही वगळता बाकीच्या बनावट ठरल्या. प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याचे कारण पुढे करून सरकारने तपासाचा अहवाल सभागृहापुढे ठेवण्याचे नाकारले. मधु लिमये प्रभृतींनी पिच्छा पुरवला, तेव्हा कुठे विरोधी नेत्यांना कागदपत्रे पाहावयास मिळाली, आणि तीही गुप्ततेच्या अटीवर!

एका छोट्या केंद्रशासित प्रदेशातील हा किरकोळ प्रशासकीय तपशील होता काय? टंचाईच्या अर्थव्यवस्थेत आयात परवाना ही हुंडीच असते. परदेशातील किंमत आणि येथील चढा भाव यांतील तफावत परवानाधारकाच्या खिशात जाते. भरतो मात्र ग्राहक. ती हुंडी कोणाच्या नावे फाडावयाची, हे मंत्र्याची लेखणी ठरवते.

१९९१ नंतर परवाना-राज ओसरले म्हणतात. मग २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलेले दूरसंचाराचे १२२ परवाने कोठून आले? आणि सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात महासाथीच्या कारणाने प्रश्नोत्तराचा तासच वगळण्यात आला. लेखी उत्तरे मिळाली. पुरवणी प्रश्नांना उभे राहून तोंड देणे मात्र मंत्र्यांना टळले.