पात्याचे पाणी आणि रक्ताची दंतकथा

१/९
दमास्कसच्या तलवारींविषयी एक कथा वरचेवर फिरत असते. तापलेले पाते म्हणे गुलामाच्या देहात खुपसून विझवत, म्हणून ते अजिंक्य ठरे. कथा थरारक आहे. परंतु तिने लोहाराचे सारे ज्ञान पुसून त्या जागी केवळ क्रौर्य बसवले आहे.

२/९
रक्त म्हणजे बहुतांशी पाणी आणि थोडे मीठ. पाते किती वेगाने निवावे एवढेच द्रव ठरवतो: पाण्यात झपाट्याने, तेलात सावकाश. मात्र कोणत्या तापमानावरून ते विझवले, हेच चुकले तर जगातील कोणताही द्रव ती चूक सावरू शकत नाही.

३/९
साधारण ७२७ अंश सेल्सिअस ओलांडल्याविना पोलादाची अंतर्रचना पालटत नाही. त्याखालून विझवलेले पाते मऊच राहते. फार वर नेले तर आतील कण जाड होतात आणि पाते ठिसूळ बनते. मधला पट्टा अरुंद आहे. लोहार तो तापलेल्या धातूच्या रंगावरून ओळखे: गडद लाल, तेजस्वी लाल, नारिंगी, पिवळा. उजेडात हे रंग फसवतात. म्हणून जपानी लोहार पात्याला पाणी देताना भट्टीची जागा अंधारी करत.

४/९
विझवलेले पाते कठीण असले तरी सहज तडकते. म्हणून ते पुन्हा मंद आचेवर तापवावे लागते. घासून उजळलेल्या पृष्ठभागावर २२० अंशांच्या सुमारास फिकट गव्हाळ रंग उमटतो, मग तपकिरी, जांभळा आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. वस्तऱ्याला गव्हाळ, स्प्रिंगला निळा. ऑक्साइडच्या अतिपातळ थराने धातूवरच लिहिलेला हा तापमापक होय.

५/९
‘हा तर नुसता अंदाज, याला विज्ञान कसे म्हणावे?’ असा आक्षेप घेतला जातो. त्याला उत्तर रशियात आहे. सेंट पीटर्सबर्गच्या ओबुखोव कारखान्यात तोफा फुटत होत्या. दिमित्री चेर्नोव याने त्याचे कारण शोधताना पोलाद ज्या तापमानांना पालटते ते निर्णायक बिंदू १८६८ मध्ये मांडले. ते त्याने पोलादाच्या रंगावरून, डोळ्यांनी टिपले होते. ल शातलिए याचे प्लॅटिनमचे उष्मायुग्म त्यानंतर सुमारे दोन दशकांनी आले. आधुनिक धातुशास्त्राच्या पायाशी लोहाराचीच नजर आहे.

६/९
आता दख्खनकडे वळू. तेलंगणातील कोनासमुद्रम येथे मुशीत वितळवून केलेले उक्कू पोलाद नेण्यासाठी इराणचे व्यापारी येत. त्यात कार्बन १ ते २ टक्क्यांच्या दरम्यान असे. कमी कार्बनच्या लोखंडाला सरावलेले युरोपीय लोहार ते पिवळ्या-पांढऱ्या आचेपर्यंत तापवत आणि घणाखाली त्याचे तुकडे होत. दोष पोलादाचा नव्हता. आच चुकत होती.

७/९
मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी लंडनला पाठवलेल्या नमुन्यांवर जॉर्ज पिअर्सन यांचा निबंध १७९५ मध्ये रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला. पुढे १८२० च्या सुमारास जेम्स स्टोडार्ट आणि मायकेल फॅरडे यांनी त्याचे अनुकरण करण्याचे प्रयोग केले. ज्या कारागिरांना ‘अडाणी’ ठरवले गेले, त्यांच्या मालावर युरोपातील अग्रगण्य प्रयोगशाळा झटत होती.

८/९
परंतु ‘आमची गुप्त विद्या हरवली’ हा गजरही तितकाच पोकळ आहे. गूढ मंत्र म्हटले की मंत्राला श्रेय जाते आणि भात्यापाशी वर्षानुवर्षे नजर घडवणारा माणूस पुन्हा अदृश्य होतो. संस्थानांची सैन्ये मोडली, कारखान्यांचे स्वस्त पोलाद आले, मागणी आटली. ज्याचे पोट त्या कामावर भरेना, त्याच्या मुलाने ती नजर कमवावी कशी?

९/९
रक्ताची कथा सांगणारा आणि मंत्राची कथा सांगणारा, दोघेही एकच अन्याय करतात: हाताने काम करणाऱ्याला बुद्धी होती, हे मान्य करण्याचे टाळतात. संग्रहालयात पुढचे पाते पाहताना मुठीवरच्या राजाच्या नावाइतकाच वेळ धारेला द्यावा. तो रंग अचूक क्षणी ओळखणाऱ्याचे नाव तेथे कोरलेले नाही.