कर नाही त्यालाही डर का?

ओळखपत्राचा विषय निघाला की आपल्या मंडळींच्या तोंडी एक म्हण ठरलेली असते: ‘कर नाही त्याला डर कशाला?’ पोलिसाने मागितले, दाखवले, संपले! आमचा या म्हणीला स्पष्ट विरोध आहे.

१९८२ च्या कायद्याप्रमाणे सोळा वर्षांवरील प्रत्येक रहिवाशाने तेउदात झेहुत जवळ बाळगावे आणि कामावरच्या पोलिसाने मागितल्यास दाखवावे. कायदा सर्वांना सारखा. पण रस्त्यावर पोलीस सर्वांना थांबवीत नाही. तो निवड करतो. ही निवड बहुधा कातडीचा रंग पाहून होते, ही आपल्या इथिओपियन बांधवांची जुनी तक्रार. सरकारनेच नेमलेल्या पाल्मोर समितीने २०१६ साली त्यांच्याविरुद्धच्या वर्णद्वेषावर अहवाल दिला. त्यांची बाजू घेऊन काही संस्था न्यायालयात गेल्या. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, गुन्ह्याचा वाजवी संशय नसताना ओळखपत्र मागत फिरण्याची पोलिसांची रीत कायद्याला धरून नाही.

याने पोलिसांचे हात बांधले गेले, असे काहीजण म्हणतात. ते खरे नव्हे. १९९६ च्या कायद्याने संशयिताला तीन तासांपर्यंत थांबवून ठेवता येते. मात्र पोलिसाने आधी स्वतःची ओळख द्यावी आणि कारण सांगावे. चोर पकडायला एवढा अधिकार पुष्कळ झाला.

आणि बेने इस्राएलांनी तरी ही म्हण उच्चारू नये! १९६२ साली मुख्य रब्बीमंडळाने आपल्या समाजाचे नाव घेऊन, विवाहापूर्वी घराण्याची चौकशी करण्याचा आदेश काढला. आपल्यात खोट नव्हती, तरी आपण १९६४ साली जेरुसलेममध्ये धरणे धरलेच ना? चौकशीची भीती नव्हती. चौकशी आपलीच का, हा प्रश्न होता. तोच प्रश्न आज इथिओपियन मुलगा विचारतो, तेव्हा त्याला म्हणी ऐकवणे आपल्याला शोभत नाही.

अश्दोद, लोद, बेरशेबा येथे ते आणि आपण शेजारी राहतो. आपल्या मुलांना शिकवू या: पोलिसाशी नम्रतेने बोला, पण कारण अवश्य विचारा. आणि शेजारच्या मुलाला उगाच अडवलेले दिसले तर मान खाली घालून पुढे जाऊ नका. तेथे उभे राहा. साक्षीदार समोर असला की कायद्याची आठवण लवकर होते.