पाचशे रुपयांचा भागधारक

आधार, पॅन आणि बँकेशी जोडलेला मोबाइल एवढे हाताशी असले की डिमॅट खात्याचा अर्ज चहा निवायच्या आत भरून होतो. मार्च २०२० मध्ये देशात अशी चार कोटींच्या आसपास खाती होती. ऑगस्ट २०२३ मध्ये ती दहा कोटींवर गेली आणि पुढच्या दोनच वर्षांत वीस कोटींवर. एकेकाची दोन-तीन खाती असतात, त्यामुळे हा आकडा माणसांचा समजू नये. तरीही उदगीर-सावंतवाडीतला पहिल्या पगाराचा तरुण आज पाचशे रुपये घेऊन शेअरबाजारात उतरतो, हे खरेच.

त्याचे आम्हाला कौतुक आहे. १९९६ चा डिपॉझिटरी कायदा येण्यापूर्वी शेअर म्हणजे कागद. तो टपालात गहाळ व्हायचा, सही जुळत नाही म्हणून कंपनीकडून परत यायचा. व्यवहार पन्नास-शंभर शेअरच्या लॉटमध्ये व्हायचे आणि त्याहून कमी शेअर असणाऱ्याला भाव पाडून मिळायचा. आज एक शेअर घेता येतो आणि कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी तो खात्यात जमा असतो. छोट्या माणसासाठी ही सोय लहान नव्हे.

मात्र या छोट्या माणसाचा हिशेब त्याला कोणी मांडून दाखवत नाही. पाचशेचा एक शेअर घेतला, महिन्याभरात तो पाचशे वीसला गेला, विकून टाकला. ॲपवर हिरव्या अक्षरांत वीस रुपये नफा, म्हणजे चार टक्के! मुदत ठेवीवर एवढे मिळायला निम्म्याहून अधिक वर्ष जाते. पण विक्री होताच डिमॅट खात्यातून शेअर काढण्याचे शुल्क लागते. एका दिवसात एका कंपनीचे शेअर विकले की ते ठोक आकारले जाते, मग शेअर एक असो की हजार. जीएसटी धरून बहुतेक ब्रोकरांकडे ते पंधरा ते पंचवीस रुपयांच्या घरात जाते. शिवाय खरेदी-विक्री दोन्हींवर ०.१ टक्का रोखे व्यवहार कर (एसटीटी), खरेदीवर मुद्रांक शुल्क, काही ठिकाणी किमान ब्रोकरेज. उत्पन्न करपात्र असेल तर वर्षाच्या आतल्या नफ्यावर २० टक्के कर वेगळा. वीस रुपयांतले हाती काय लागले? काहींच्या बाबतीत खिशातलेच गेलेले असतात. पाच लाखांचे शेअर विकणाराही तेवढेच शुल्क भरतो आणि त्याला ते जाणवतही नाही.

यातला डिपॉझिटरीचा, म्हणजे डिमॅट शेअर सांभाळणाऱ्या संस्थेचा, वाटा फार मोठा नाही. सीडीएसएल ही डिपॉझिटरी अशा व्यवहारामागे साडेतीन रुपये घेते. उरलेली भर ब्रोकरची आणि कराची. हजार रुपयांखालच्या विक्रीवर डिपॉझिटरीच्या शुल्कापलीकडे ब्रोकरने काही लावू नये, असा नियम बाजार नियामक सेबीने करायला हवा. विक्रीचे बटण दाबण्यापूर्वी सगळा खर्च वजा करून खरा नफा पडद्यावर दिसावा, ही मागणीही अवाजवी नाही. जी ॲप नफ्याचा आकडा सेकंदासेकंदाला बदलून दाखवतात, त्यांना ही वजाबाकी जड जाऊ नये. चार लाखांपर्यंतच्या बेसिक डिमॅट खात्याचे वार्षिक शुल्क सेबीने सप्टेंबर २०२४ पासून माफ केलेच आहे. पण ही सवलत एकच डिमॅट खाते असणाऱ्याला मिळते. रेफरलच्या बक्षिसापोटी दुसऱ्या ॲपवर खाते उघडणारा ती घालवून बसतो, आणि ते त्याला कळते वर्षाअखेरीस पैसे कापले गेल्यावर.

आता थोड्या पैशांत घ्यावे काय? एमआरएफचा एक शेअर लाखाच्या वर आहे आणि शेअरचा तुकडा घेण्याची सोय आपल्याकडे नाही. मग हजार रुपये असलेला माणूस सात रुपयांचा शेअर शोधतो आणि एकशे चाळीस शेअर पदरात पडले म्हणून खूश होतो. कंपनीचा नफा, तिच्यावरचे कर्ज आणि एकूण शेअर किती, हे पाहिले तर सात रुपयांचा शेअरही भलताच महाग निघू शकतो. अशाच कंपन्यांचे भाव टेलिग्रामच्या ग्रुपांवरून फुगवून नवख्यांच्या गळ्यात मारले जातात. त्यापुढची पायरी बनावट ॲपची: नफा पडद्यावर वाढत जातो आणि पैसे काढायला गेले की आधी ‘कर’ भरायला सांगतात. आपले शेअर खरोखर आपल्या नावावर आहेत का, हे पाहायचे तर ॲपवर विसंबू नये. डिपॉझिटरीकडून ईमेलवर येणारे एकत्रित विवरणपत्र उघडावे. ते उघडणारे फार थोडे.

निफ्टीतल्या पन्नास कंपन्यांचा ईटीएफ (शेअरसारखा विकत घेता येणारा फंड) आपल्याकडे २००१ पासून आहे आणि त्याचे एक युनिट काही शे रुपयांत मिळते. नवख्यासाठी आम्हाला तरी हीच खरेदी शहाणपणाची वाटते. ती कंटाळवाणी आहे, हे मान्य. ॲपच्या पहिल्या पानावर ती क्वचितच दिसेल, कारण एक युनिट घेऊन पाच वर्षे गप्प बसणाऱ्या माणसाकडून ब्रोकरला मिळणार काय?

त्याला मिळते ते एफ अँड ओमधून, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन्सच्या करारांमधून. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत तिथे उतरलेल्या दर शंभर व्यक्तींपैकी ९३ जणांनी पैसे घालवले. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. २०२३-२४ मध्ये तिथे उतरलेल्यांपैकी ४३ टक्के तिशीच्या आतले होते आणि तीन चतुर्थांशांहून अधिक लोकांचे जाहीर उत्पन्न वर्षाला पाच लाखांच्या आत. राज्यवार यादीत महाराष्ट्र पहिला. पुढे नोव्हेंबर २०२४ पासून सेबीने कराराचे किमान मूल्य पंधरा लाखांवर नेले, आठवड्याच्या एक्स्पायऱ्या (करार संपण्याचे दिवस) कमी केल्या, तरी २०२४-२५ मध्ये ९१ टक्के लोक तोट्यातच राहिले. करार पंधरा लाखांचा असला तरी कॉल किंवा पुट ऑप्शन घेणाऱ्याला फक्त प्रीमियम भरावा लागतो. एक्स्पायरीच्या दिवशी तो काही शे रुपयांवर येतो, नेमका पाचशे रुपयेवाल्याला परवडेल इतका. ‘दहापैकी नऊ जणांना तोटा होतो’ ही सूचना लॉगिन करताना समोर येते आणि सिगारेटच्या पाकिटावरच्या चित्रासारखी नजरेआड होते.

एफ अँड ओ सुरू करायला आज उत्पन्नाचा पुरावा लागतो. बँकेचे सहा महिन्यांचे स्टेटमेंट अपलोड केले की बहुधा काम भागते. त्यातून खातेदाराकडे घालवायला पैसे आहेत, एवढेच सिद्ध होते. नव्या खात्यावर किमान वर्षभर फक्त डिलिव्हरीचे, म्हणजे शेअर प्रत्यक्ष खात्यात घेण्याचे, व्यवहार चालावेत आणि त्यानंतर खातेदाराने स्वतःहून अर्ज केला तरच हा विभाग खुला व्हावा, असे आमचे मत आहे. ब्रोकरांचा धंदा बसेल अशी ओरड होईल. पाच लाखांच्या आत कमावणाऱ्यांच्या तोट्यावर तो उभा असेल, तर खुशाल बसू द्यावा.